नवा टीव्ही, धुरकट चित्र – वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मे महिना लागला की नागपुरात दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि टीव्ही पाहायचा, म्हणून दरवर्षी या दिवसांत आपल्या सदराकडे टीव्हीची पत्रं जास्त येतात. यावेळी बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत होती, लहान चित्र मोठ्या स्क्रीनवर ताणताना स्वस्त टीव्ही नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही. म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

मानेवाडा रोडवरून एक वाचक लिहितात: नमस्कार भाऊ. दिवाळीत ४३ इंची ४के टीव्ही घेतला, सेलमध्ये जो सगळ्यात स्वस्त होता तोच. यूट्यूब एकदम मस्त दिसते. पण बाबांचे छत्रीवरचे मराठी चॅनल लावले की चेहरे मेणाचे केल्यासारखे दिसून राहिले, खालची बातम्यांची पट्टी धड वाचता येत नाही. बाबा म्हणतात आपला जुना २१ इंची डब्बाच बरा होता, तो काहून भंगारात दिला. टीव्ही खराब निघाला का? बदलून मागू का?

टीव्ही खराब नाहीये भाऊ, बदलून मागू नका, नवा येईल तोही असाच दिसेल. आणि बाबा म्हणतात त्यात पण तथ्य आहे.

आधी एक साधा हिशोब करू. जुन्या पद्धतीचा एसडी चॅनल म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, एकूण ४ लाख १४ हजार ७२०. तुमच्या ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, एकूण ८२ लाख ९४ हजार ४००. भागून बघा, बरोबर २० पट येतं. म्हणजे तो चॅनल स्क्रीनभर लावला की दर २० ठिपक्यांतल्या एकाचीच माहिती छत्रीतून आलेली असते आणि उरलेले १९ टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात, आणि हे काम त्याला सेकंदाला ५० वेळा करायचं असतं, म्हणजे एका चित्रासाठी हातात असतात फक्त २० मिलिसेकंद. यालाच अपस्केलिंग म्हणतात.

अंदाज बांधायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे आजूबाजूच्या चार ठिपक्यांचे रंग घेऊन मधला रंग काढायचा, हिला बायलिनिअर म्हणतात. जरा बरी रीत म्हणजे बायक्युबिक, ती १६ शेजाऱ्यांना विचारते. स्वस्त टीव्हीच्या चिपमध्ये यासाठी स्केलर नावाचा वेगळा भाग असतो आणि तो साधारण याच जातीचं गणित करतो. गणित चुकीचं नाही, पण शेजाऱ्यांची सरासरी काढून काढून जे चित्र बनतं ते मऊच पडणार, आणि कॅमेऱ्याने टिपलेली जी बारीक रेघ वाटेतच गळाली ती सरासरीतून परत येत नाही.

पण चेहरा मेणासारखा होतो त्याला आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. हे चॅनल दाबून, कॉम्प्रेस करून पाठवतात, आणि जुन्या एमपेग-२ पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून ते दाबले जातात. जुन्या छोट्या पडद्यावर हे चौकोन बारीक असायचे, जाणवायचे नाहीत. तुमच्या ४के पडद्यावर तोच चौकोन जवळपास ४३ बाय ३० ठिपक्यांचा होतो. आता टीव्हीला कसं कळणार की ही कडा चौकोनाची आहे आणि ती कडा नाकाची आहे, तो दोन्ही धारदार करतो, मग तो डाग पुसायला नॉइज रिडक्शन येतं आणि चौकोनासोबत गालावरची कातडीही पुसून टाकतं.

बाबांचा डब्बा बरा का दिसायचा, तर पिक्चर ट्यूबमध्ये असे पक्के चौकोनी ठिपके नव्हतेच. इलेक्ट्रॉनचा झोत ओळीवरून फिरायचा, त्याच्या कडा आपोआप मऊ असायच्या, आणि हे प्रसारण एकाआड एक ओळी पाठवतं तेही त्या ट्यूबच्या सवयीचंच होतं. सपाट पॅनेलला मात्र आधी त्या अर्ध्या अर्ध्या ओळी जुळवून पूर्ण चित्र करावं लागतं, याला डीइंटरलेसिंग म्हणतात, ते नीट जमलं नाही की धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात.

आता उपाय. पिक्चर मोड व्हिव्हिड असेल तर आधी तो काढा, तो दुकानातल्या झगमगाटासाठी असतो, स्टँडर्ड किंवा मूव्ही लावा. शार्पनेस कमी करा, बऱ्यापैकी कमी करा, लोक चित्र धुरकट दिसलं की तो वाढवतात आणि तिथेच चुकतात, कारण शार्पनेस नवा तपशील आणत नाही, फक्त कडेला पांढरी झालर लावतो. नॉइज रिडक्शन लो वर ठेवा. चित्र ४:३ चं, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चौकोनी, असेल तर बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, ताणू नका. छत्रीच्या सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआय असेल तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांऐवजी ती केबल लावा, दोनशे-तीनशे रुपयांत फरक पडतो.

आणि बाबांची खुर्ची मागे घ्या. निरोगी डोळा साधारण एक आर्कमिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढं बारीक वेगळं ओळखतो. ४३ इंची पडद्यावर ५७६ ओळींची एकेक ओळ जवळपास ०.९३ मिलिमीटर पडते, म्हणजे साडेदहा फुटांच्या पुढे ती ओळ वेगळी दिसतच नाही. पाच फुटांवरून चित्र फुटतं तेच दहा-अकरा फुटांवरून चांगलं शांत दिसतं. हॉल छोटा असेल तर दिवाण समोरच्या भिंतीला लावून बघा. पट्टी तेवढ्या लांबून वाचता येत नसेल तर मात्र एकदा बाबांचा चष्म्याचा नंबर तपासून घ्या, हे मी मनापासून सांगतोय, टीव्हीला दोष देत वर्षभर तसेच बसणारे आजोबा मी पाहिलेत.

धरमपेठेतून एका वाचक ताईंचं पत्र: सीताबर्डीच्या एका दुकानात दोन टीव्ही दाखवले, दोन्ही ४३ इंची ४के. एकावर "एआय अपस्केलिंग" असं स्टिकर आहे आणि तो ४ हजारांनी महाग आहे. दुकानात दोन्हीचं चित्र सुंदर दिसत होतं. जास्तीचे पैसे द्यावे का?

ताई, दुकानात जो डेमो फिरत असतो, फुलं, मासे, परदेशातले डोंगर, तो बहुतेक वेळा मुळातच ४के असतो. स्क्रीनवर जितके ठिपके तितकेच व्हिडिओत, म्हणजे ताणायला काही उरलंच नाही आणि अपस्केलर त्यावेळी रिकामा बसलेला असतो. ज्या गोष्टीचे ४ हजार मागतायत ती गोष्ट तुम्हाला दाखवलीच नाही.

एआय या स्टिकरला ठरलेला असा काही अर्थ नाही. एखाद्या टीव्हीत खरंच छोटं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम) चालतं, एखाद्यात साधं कडा ओळखायचं फिल्टर असतं, आणि स्टिकर दोन्हीवर सारखंच. म्हणून पेनड्राइव्हमध्ये घरचा एक जुना ४८० किंवा ५७६ वाला व्हिडिओ घेऊन जा, शक्यतो ज्यात माणसांचे चेहरे, मैदानाचं गवत आणि मराठी अक्षरं तिन्ही असतील, आणि दोन्ही टीव्हीवर एकच तुकडा लावायला सांगा. मेनूत ते एआय चालू-बंद करता येत असेल तर तसंही करून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान पाहा, बर्डीवर दुकानांची काय कमी. माझं मत विचाराल तर या किमतीत मी ते ४ हजार रुपये २ जीबी रॅमवर किंवा बऱ्या पॅनेलवर घालवीन, रोज जाणवेल असा फरक तिथे पडतो. अजून एक, ४३ इंचीवर साडेपाच फुटांच्या पुढे बसलं की फुल एचडी आणि ४के यांतला फरक चांगल्या डोळ्यालाही पकडता येत नाही, तेव्हा तुमचा सोफा किती लांब आहे ते मोजून मगच ठरवा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, हिंगणा रोड: सर, आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट स्वस्त टीव्हीच्या चिपवर रिअल टाइम सुपर रिझोल्यूशन (न्यूरल नेटवर्कने लहान चित्र मोठं करणं) करायचा आहे. बोर्डवर चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर आहेत, १.५ गिगाहर्ट्झचे. ९६० बाय ५४० चा व्हिडिओ १९२० बाय १०८० करायचा आहे. नेटवर्क छोटंच आहे, १० हजारांच्या आसपास वेट्स (नेटवर्कने शिकलेले आकडे). तरी सेकंदाला जेमतेम ४ फ्रेम निघतात, पाहिजेत २५. गाईड म्हणतात कोड सुधारा. आम्ही दोन महिन्यांपासून सुधारूनच राहिलो. काय चुकतंय?

बाळा, तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण तू आकडे दिलेस, आणि त्या आकड्यांतच उत्तर आहे. कागद घे.

९६० गुणिले ५४० म्हणजे ५ लाख १८ हजार ४०० ठिपके. प्रत्येक वेट दर ठिपक्याला एकदा गुणलं जातं, म्हणून प्रत्येक ठिपक्यामागे १० हजार गुणाकार, म्हणजे एका फ्रेमला ५१८ कोटी. २५ फ्रेमला जवळपास १३ हजार कोटी. आता चिप बघ, चार कोअर, प्रत्येकी सेकंदाला १५० कोटी ठोके, एका ठोक्यात निऑनने (एका वेळी अनेक आकडे गुणणारा कोअरमधला भाग) चार गुणाकार झाले असं धरलं तरी सगळे मिळून २,४०० कोटी. भागाकार कर, ४.६ फ्रेम येतात. तुम्हाला ४ मिळतायत! म्हणजे तुमचा कोड वाईट नाही तर फार चांगला आहे, चिपच्या भिंतीला टेकलाय, आणि आणखी दोन महिने तो घासला तरी २५ होणार नाहीत. बदलायचं असेल तर काम बदला. हे गाईड सरांना आकड्यांसकट दाखवा, ते ऐकतील.

काम कमी कसं करायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, नेटवर्क लहान चित्रावर चालतंय की मोठ्या, ते तपासा. २०१४ सालच्या एसआरसीएनएन या नेटवर्कमध्ये चित्र आधी बायक्युबिकने मोठं करायचे आणि मग नेटवर्क फिरवायचे, म्हणजे दुप्पट ताणायचं तर चौपट काम. २०१६ च्या ईएसपीसीएन ने हे उलटं केलं, सगळं गणित लहान चित्रावर आणि अगदी शेवटी ठिपक्यांची फक्त मांडणी बदलून मोठं चित्र. तुमच्या आकड्यांवरून तुम्ही हे केलेलं दिसतंय, पण एकदा खात्री करा. दुसरी गोष्ट, रंग नेटवर्कमध्ये घालू नका. डोळा उजेड-अंधाराचा तपशील जास्त ओळखतो आणि रंगाचा कमी, म्हणूनच तर ४:२:० व्हिडिओत रंगाची माहिती मुळातच पाव पटीने येते, तेव्हा फक्त वाय चॅनल, म्हणजे उजेड-अंधाराची माहिती, नेटवर्कला द्या आणि रंग साध्या बायलिनिअरने ताणा. तिसरी, फ्लोटऐवजी, म्हणजे दशांशी आकड्यांऐवजी, ८ बिटचे पूर्णांक वापरा. चौथी, आणि हिने मोठा फायदा होईल, आकाश, भिंत, धूसर पार्श्वभूमी असल्या सपाट तुकड्यांवर नेटवर्क चालवूच नका, जिथे कडा आहे तिथेच चालवा.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर नेटवर्कचा हट्टच सोडला असता. गूगलच्या लोकांनी २०१६ मध्ये रेझर नावाची एक रीत मांडली, ती मला स्वस्त चिपसाठी फार शहाणपणाची वाटते. तिच्यात शिकण्याचं सगळं जड काम आधीच मोठ्या कॉम्प्युटरवर करून घेतात आणि त्यातून छोट्या छोट्या फिल्टरांचं एक टेबल तयार होतं. मग चालत्या व्हिडिओत फक्त एवढंच बघायचं की या ठिपक्यापाशी कडा कोणत्या कोनात आहे, किती ठळक आहे, किती सरळ आहे, आणि त्यानुसार टेबलातलं एक फिल्टर उचलून लावायचं. दहा हजार गुणाकारांऐवजी शे-दोनशेत काम होतं. दुसरा रस्ता जीपीयूचा, म्हणजे चित्रांचं गणित करणाऱ्या चिपमधल्या वेगळ्या भागाचा. एएमडीने जून २०२१ मध्ये एफएसआर १.० आणलं, ते गेमसाठी होतं पण कोड खुला आहे, त्यात न्यूरल नेटवर्क नाहीच, कडा ओळखून १२ शेजाऱ्यांचं फिल्टर कडेच्या दिशेने वळवतात आणि मग वेगळ्या पायरीत धार देतात. तुमच्या बोर्डवर छोटा माली जीपीयू असेल तर त्यावर याचं हलकं रूप बसवता येईल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या जिच्यामुळे गणित बसूनही प्रोजेक्ट अडतो, ती म्हणजे मेमरी. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम चार बाइट प्रति ठिपका धरली तर ८ एमबीच्या वर जाते. डीकोडरकडून सीपीयूकडे कॉपी, तिथून जीपीयूकडे कॉपी, मग डिस्प्लेकडे, असं तीनदा केलं की प्रत्येक कॉपीला वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं, आणि तीच रॅम डीकोडर पण वापरत असतो. म्हणून बफर (फ्रेम ठेवलेली मेमरीतली जागा) कॉपी न करता एकमेकांकडे सोपवायची सोय बोर्डच्या ड्रायव्हरमध्ये आहे का ते शोधा. चिपमधला ठरलेला स्केलर ४के वर सेकंदाला ५० कोटी ठिपके आरामात काढतो तो का, तर तो अख्खी फ्रेम समोर ठेवतच नाही, तीन-चार ओळी आपल्या जवळच्या छोट्या मेमरीत धरतो, त्यांच्यावर काम करतो आणि पुढे ढकलतो. हा विचार तुमच्या कोडमध्येही आणता येईल, चित्र पट्ट्यापट्ट्यांत कापून.

ओटीटी ॲपच्या व्हिडिओवर हे चालवायच्या भानगडीत पडू नका, तो सुरक्षित मार्गाने थेट डिस्प्लेकडे जातो, त्याचे ठिपके तुमच्या प्रोग्रामला वाचूच देत नाहीत. स्वतः शूट केलेला किंवा खुल्या परवान्याचा व्हिडिओ घ्या.

तपासणी करताना फक्त पीएसएनआरचा, म्हणजे मूळ चित्राशी किती जुळतं त्याचा, आकडा देऊन थांबू नका. इतवारीत जाऊन दुकानांच्या मराठी पाट्या शूट करा, त्या लहान करून परत मोठ्या करा आणि बघा शिरोरेखा सलग राहते का, अनुस्वार टिकतो का, "क" ची गाठ भरून जाते का. मोजक्या इंग्रजी फोटोंवर शिकलेलं मॉडेल रफार आणि रुकार यांचं काय करतं हे आपल्याशिवाय कोण तपासणार? माझ्या लेखी तुमच्या रिपोर्टमधलं सगळ्यात मोलाचं पान तेच होईल. फ्रेम थांबवून जे छान दिसतं ते चालताना थरथरतं, कारण प्रत्येक फ्रेमचा अंदाज वेगळा निघतो, तेव्हा चालता व्हिडिओही लोकांना दाखवा. आणि चाचणी एसीच्या लॅबमध्ये नको, दुपारी दोनला पंख्याखाली घ्या, बोर्ड डब्ब्यात बंद करून. चिप तापली की स्वतःचा वेग खाली आणते, जानेवारीतल्या २५ फ्रेम मे मध्ये १८ वर आल्या तर व्हायव्हाला पंचाईत होईल. झालं की मला कळव, मी येतो बघायला.

जरीपटक्याहून: बाजारातून "८के" लिहिलेला अँड्रॉइड डब्बा आणला, टीव्ही फुल एचडी आहे, तरी ओटीटीचं चित्र ४८० सारखं दिसते. नेट तर फास्ट आहे.

हे बहुतेक वाइडव्हाइन नावाच्या चोरी रोखणाऱ्या कुलपाचं प्रकरण आहे. ओटीटी कंपन्या आपला व्हिडिओ चोरीला जाऊ नये म्हणून डब्ब्याची सुरक्षा पातळी तपासतात, एल१ असेल तर एचडी आणि ४के देतात, एल३ असेल तर बहुतेक ठिकाणी एसडीवरच थांबवतात. प्ले स्टोअरवर डीआरएमची, म्हणजे याच सुरक्षेची, माहिती दाखवणारी फुकट ॲप आहेत, त्यात बघून घ्या. एल३ निघालं तर कुठल्याही सेटिंगने सुधारणार नाही, डब्बा परत करा. ८के म्हणजे एवढंच की ती फाइल उघडेल असा दावा आहे.

काटोल रोडवरून एक ताई: दादा, माझ्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे, १९९४ ची, तीन तासांची. त्यात माझे बाबा आहेत, ते आता नाहीत. चालतं-बोलतं असं त्यांचं तेवढंच आहे. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली तर नव्या मोठ्या टीव्हीवर चांगली दिसेल का? कोणी म्हणतं एआयने ४के करून मिळते.

ताई, आधी कॅसेट कॉम्प्युटरवर घ्या, बाकीचं सगळं नंतर, आणि हे काम पुढे ढकलू नका. माळ्यावर ठेवली असेल तर आजच खाली काढा, नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा किंवा स्लॅबखालचा माळा फार तापतो आणि टेपला उष्णता सोसत नाही. पावसाळ्यात ओल धरून बुरशी आली असेल तर घरच्या प्लेअरमध्ये घालू नका, टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. ज्याच्याकडे द्याल त्याला सांगा की मला ७२० बाय ५७६ मध्ये, ओळी आहेत तशा, काहीही न सुधारता फाइल पाहिजे, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

व्हीएचएस मध्ये आडवा तपशील साधारण २४० ओळींइतकाच असतो, एसडी चॅनलपेक्षाही कमी. स्वस्त टीव्ही हे २० मिलिसेकंदांत ताणणार, तेव्हा ते मऊच दिसेल. कॉम्प्युटरवर करून घेतलं तर घाई नसते, तीन तासांच्या २ लाख ७० हजार फ्रेम होतात, एका फ्रेमला एक सेकंद दिला तरी ७५ तास, चालू द्यायचं तीन-चार दिवस. त्यामुळे ओळी नीट जुळवून, रंग सावरून, हलकंसं मोठं केलं तर मांडव, रोषणाई, साड्यांचे काठ नक्कीच बरे दिसतील.

पण बाबांच्या चेहऱ्याबाबत सांभाळा. कॅसेटमध्ये त्यांचा चेहरा लांबून आलेला असेल तर तो मोजक्या ठिपक्यांचा असतो, डोळ्यांच्या कडा, मिशीचे केस त्यात नाहीतच. एआय ते कुठून आणणार, तर हजारो दुसऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवरून जे शिकलं त्यातून. चेहरा लख्ख दिसेल, दातही दिसतील, पण ते दात दुसऱ्याच कोणाचे असतील. चेहरा सुधारण्याचं जे वेगळं बटण असतं, फेस रिस्टोरेशन किंवा फेस एन्हान्स, ते बंद ठेवायला सांगा, आणि करणाऱ्याच्या शेजारी बसून बाबा येतात तो तुकडा आधी आणि नंतर असा दोन्ही बघा. हात हलवण्याची, मान वळवण्याची लकब धुरकट चित्रातही ओळखू येते, तुम्हाला ते कळेल.

टीव्हीवर बघताना लांब बसा, शार्पनेस शून्याजवळ आणा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. आणि फाइल झाली तरी कॅसेट फेकू नका, एकदा शेवटपर्यंत चालवून परत सुरुवातीला गुंडाळून घ्या आणि कपाटात उभी ठेवा, आडवी नाही.